गोटीरामचा हात

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गोटीरामचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग त्याच्या मारामारीचा एखादा किस्सा सांगायला बसतात. त्याच्या कामाबद्दल आधी कुणी बोलत नाही, आणि कामाला तर तो चांगला आहे. मी त्याची शेजारीण. त्याची शेड आणि माझं दुकान यांच्यामध्ये फक्त एक पत्रा आहे. मी गॅस्केट कापते. म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये घालायचा तो पातळ थर, जो नसला तर हवा आणि तेल वाट फुटेल तिकडून बाहेर येतं. तो ॲल्युमिनियम जोडतो आणि शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं खोलतो. पत्र्यापलीकडची प्रत्येक शिवी मला ऐकू येते, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार इतरांपेक्षा मला जास्त आहे असं मी धरून चालते.

किस्से ऐकायचे तर भरपूर आहेत. दिंडोरीकडच्या त्याच्या गावात चुलतभावाने ट्रॅक्टर आडवा लावला, तर याने त्याचा जबडा मोडला. तो पोरगा कित्येक आठवडे पेजेवर होता. आयटीआयमध्ये बाकावरचा सोबती चिडवत होता म्हणून त्याच्या पाठीवर तापलेली सळई टेकवली. सातपूरच्या एका कारखान्यात हेल्परने पाना चुकीचा दिला, तर त्याच्या बोटांवर कानस मारली आणि नोकरी घालवली. मग स्वतःची शेड टाकली, कारण दुसरं कुणी ठेवून घेईना. हे सगळं लोक चहा पिताना रंगवून सांगतात आणि शेवटी न चुकता जोडतात की गड्याने बाईमाणसावर आणि पोरासोरावर मात्र कधी हात टाकला नाही हं. जणू काही त्याला दाखलाच देतात. मला या दाखल्याचा फार राग येतो.

दिसायला तो तसा काही पहिलवान नाही. उंचीने बेताचा, मान आखूड, मनगटं तेवढी जाड. एरवी बोलायला गोड. माझ्या दुकानाचं शटर अडकलं तर हातातलं काम टाकून येईल, वर ‘चहा पाजा ताई’ म्हणून हक्काने बसेल. अशा वेळी मी त्याला मारामारीबद्दल छेडायचे. तो मान खाली घालून, अगदी खरं वाटावं अशा आवाजात एकच उत्तर द्यायचा.

“ताई, माझा हात माझ्या ताब्यात नसतो. त्यो आपसूक जातो. गेल्यावर मला कळतं.”

यावर कोण काय बोलणार. आजारी माणसाला आजार का झाला असं थोडंच विचारतात? बहुतेक सगळ्यांनी हे मान्य करून टाकलं होतं.

मान्य केलं नव्हतं ते एकटीने, त्याच्या बायकोने. तेजस्विनी मनमाडची. वडील रेल्वेत होते, घरात शिस्त होती. ती सिडकोतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायला घेते, त्यामुळे रक्त बघून तिला भोवळ येत नाही आणि कुणी रडायला लागलं तर ती सुई मागे घेत नाही. सृष्टी, त्यांची मुलगी, बालवाडीत होती तेव्हाची गोष्ट. एका टेम्पोवाल्याने रिव्हर्स घेताना गोटीरामच्या शटरला धक्का दिला. याने त्याला खाली ओढलं आणि सायलेन्सरच्या नळीने कानशिलावर घातली. त्या माणसाचा कानाचा पडदा फाटला. कानातून रक्त येत होतं आणि तो वेड्यासारखा आपल्याच कानावर थापट्या मारत होता, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पोलीस आले, नातेवाईक आले, शेवटी मिटवामिटवी झाली. त्या संध्याकाळी तेजस्विनीने गोटीरामला माझ्या दुकानात आणलं. साक्षीदार हवा होता तिला.

“इथून पुढे माणसावर हात उचललात,” ती म्हणाली, “तर मी सृष्टीला घेऊन मनमाडला जाईन. भांडणार नाही, रडणार नाही. परत येणार नाही.”

 ती थापा मारणाऱ्यांतली नाही हे गोटीरामला माहीत होतं. लेकीवर त्याचा जीव एवढा की ती शाळेतून आल्याशिवाय हा जेवत नसे. त्याने गळ्याची शपथ घेतली, आणि खरं सांगते, पाळली. सृष्टी आता सहावीत आहे. मधल्या काळात तो कुणावर धावून गेला नाही. त्याने वाट वेगळी काढली होती. शेडच्या मागे एका जुन्या ट्रकचा फुटका इंजिन ब्लॉक पडला होता. डोक्यात सणक गेली की हा मागे जायचा आणि त्या ब्लॉकवर घण घालायचा. माझी फळीवरची डबडी थरथरायची. दहा-वीस घाव झाले की घाम पुसत यायचा आणि थंड आवाजात कामाला लागायचा. लोकांना वाटलं, माणूस सुधारला. मलाही वाटलं.

शेडमध्ये त्याच्याबरोबर लहानूबाबा. पेठ तालुक्यातले, साठी ओलांडलेले, हाडं आणि कातडं एवढंच अंगावर. मिलिंग आणि लेथ ही यंत्रं ते बघायचे. त्यांची एक खोड होती. नटबोल्ट बसवताना वायसर, म्हणजे बोल्टखाली घालायच्या पोलादी चकत्या, हातात न धरता ओठांत धरायचे. त्यामुळे काम चालू असताना बाबांना काही विचारलं तर नुसतं हूं हूं ऐकू यायचं. गोटीराम त्यांना दिवसभर शिव्या द्यायचा आणि दुपारी आपल्या डब्यातली भाजी वाढायचा. बाबांना दोन्हीची सवय होती.

गेल्या पावसाळ्यानंतर दिंडोरीचा रुद्र आला. द्राक्षबागायतदाराचा मुलगा, बापाची निर्यात जोरात, याला शर्यतीचं वेड. त्याच्याकडे एक पांढरी जपानी गाडी होती आणि सोबत एक खोकं. खोक्यात परदेशातून मागवलेला इनटेक मॅनिफोल्ड. आमच्याकडे त्याला सगळे मेनिफोल म्हणतात. इंजिनाला हवा पाजणाऱ्या नळ्यांचा तो जुडगा असतो: एका अंगाला मोठा डबा, त्या डब्याला हवा आत यायचं एक तोंड, आणि दुसऱ्या अंगाला प्रत्येक सिलिंडरसाठी एकेक नळी. कंपनीच्या मेनिफोलपेक्षा हा जास्त हवा ओढणार आणि गाडी सुसाट सुटणार, असा हिशेब. फक्त तो या इंजिनासाठी बनवलेलाच नव्हता. त्याच कंपनीच्या दुसऱ्या इंजिनाचा होता. विकणाऱ्याने सांगितलं होतं की थोडं इकडेतिकडे करून बसेल.

ते थोडं इकडेतिकडे मी पत्र्याआडून ऐकलं. बोल्टची भोकं जुळत नव्हती. नळ्यांची तोंडं इंजिनाच्या तोंडांपेक्षा वर चढत होती. डबा रेडिएटरच्या पंख्याला घासत होता. गोटीरामने तो मेनिफोल बेंचवाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि ज्या पट्टीने तो इंजिनाला चिकटतो ती पट्टीच कटरने कापून टाकली. नवीकोरी वस्तू अशी किंचाळत कापली जाताना रुद्र कानावर हात ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. मग लहानूबाबा माझ्याकडे आले. मी इंजिनाच्या तोंडावरून गॅस्केटचा छाप घेतला, त्यावरून बाबांनी जाड ॲल्युमिनियमची नवी पट्टी आखली आणि भोकं पाडली. गोटीरामने नळ्यांचे गळे तिरके कापले, खाली वाकवून त्या पट्टीला आर्गन वेल्डिंगने जोडले. डब्याचा कोपरा छाटला, तिथे ठिगळ मारलं, आणि हवेचं तोंड आभाळाकडे करून घेतलं, कारण पुढे जागाच उरली नव्हती.

पहिला जोड बोल्ट आवळताना कडकन तडकला. मला आवाज आला, मग शांतता, मग पावलं शेडच्या मागे गेली. त्या दिवशी घणाचे घाव मोजायच्या पलीकडे गेले आणि माझ्या फळीवरचं एक डबडं खाली आलं. तासाभराने तो हसत माझ्याकडे डबडं उचलायला आला. पुन्हा कापलं, पुन्हा जोडलं. ॲल्युमिनियम तापलं की वाकडं होतं, म्हणून शेवटी पट्टी सपाट करायचं काम बाबांनी घेतलं. मारुतीला लावतात तोच शेंदूर ते तेलात कालवतात, सपाट लादीवर चोपडतात आणि पट्टी त्यावर दाबतात. जिथे शेंदूर उमटेल तो उंचवटा. तो कानसीने घासायचा, पुसायचा, पुन्हा दाबायचं. सगळीकडे सारखा रंग उमटला तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवला. लाल बोटांनी कपाळ पुसल्यामुळे त्यांचा चेहरा डोकं फुटल्यासारखा दिसत होता. गोटीराम म्हणाला, चला, एक काम तरी धड केलं म्हातार्‍यानं.

मेनिफोल इंजिनावर चढला आणि खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मशीन बंद, पाने-हातोडे धुऊनपुसून मांडून ठेवायचे, झेंडूची माळ घालायची, पूजा करायची. शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी होती, म्हणून रुद्रने निरोप धाडला की गाडीचीही पूजा होऊ द्या. हवेच्या तोंडावर हवा कमीजास्त करणारं जे झाकण बसतं ते अजून लावलं नव्हतं. लहानूबाबांनी तोंडाला फडकं गुंडाळलं होतं, पण ते काळंकुट्ट, म्हणून तेजस्विनीने काढून तिथे लाल खण घातला. प्रत्येक यंत्रावर ती हळदकुंकू वाहत होती, विड्याचं पान, वर सुपारी आणि रुपया ठेवत होती. इंजिनावर सपाट जागा कुठली असणार. त्या तोंडावरच्या खणावरच तिने विडा ठेवला. मी तिथेच उभी होते, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. संध्याकाळी तिने खण उचलला तेव्हा पान आणि सुपारी हाताला लागली. रुपया कुठे पडला असेल, झाडताना मिळेल, असं म्हणून ती घरी गेली. तो मेनिफोलच्या पोटात गेला होता.

दुसऱ्या दिवशी लहानूबाबांनी झाकण बसवलं, वायसर ओठांत धरून. गाडी सुरू झाली, अंबडच्या रस्त्यांवर फिरली, आवाज कसा तर वाघ पाळल्यासारखा. रुपया डब्याच्या तळाशी आडवा पडून होता. सपाट रस्त्यावर त्याला हलायचं कारण नव्हतं.

रविवारी आम्ही सगळे दिंडोरी रस्त्यावरच्या त्या माळावर गेलो. तांबडी माती, मध्ये खड्डे आणि उंचवटे मुद्दाम केलेले, कडेला दोऱ्या. तेजस्विनी, सृष्टी आणि मी एका ट्रॉलीवर चढून बसलो. रुद्रची पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीत उंचवट्यावरून गाडी उडाली, आपटली, आणि रुद्रने पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. हवेच्या झोताने तो रुपया उचलून एका नळीत नेला आणि व्हॉल्व्हच्या तोंडात अडकवला. व्हॉल्व्ह मिटेना, खालून पिस्टन येऊन आदळला, व्हॉल्व्हची मुंडी तुटून आत पडली आणि पिस्टनने तीच चावायला सुरुवात केली. हे सगळं नंतर कळलं. आम्हाला दिसलं ते एवढंच की बंदुकीसारखा बार झाला, इंजिनाच्या कुशीतून लोखंडाचा दांडा बाहेर आला, उकळतं तेल तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं आणि बॉनेटच्या फटींमधून जाळ उठला. गाडी घसरत दोरीत घुसली. माणसं पळाली. सृष्टी किंचाळायला लागली, तर तेजस्विनीने तिचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं.

रुद्र बाहेर आला तो बाही पेटलेली घेऊनच. कुणीतरी त्याच्यावर माती टाकली. हाताची कातडी कोपरापर्यंत सोलून लोंबत होती. दवाखान्यात जायचं सोडून तो सरळ गोटीरामकडे चालत आला आणि चांगल्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग छातीत लाथ घातली. गोटीराम मातीत बसला. रुद्रचे मित्र भोवती उभे होते, गर्दी बघत होती, आणि मी ट्रॉलीची फळी घट्ट धरली होती, कारण आता काय होणार हे मला माहीत होतं. काहीच झालं नाही. गोटीराम उठला, तोंडातलं रक्त थुंकला, दोन्ही हात पाठीमागे बांधले. म्हणाला, “इंजिन खोलतो, मग सांगतो.”

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला. परत येताना गाडीत तेजस्विनीने सगळ्यांदेखत त्याचा हात आपल्या हातात घेतला होता आणि ती तो सोडत नव्हती.

सोमवारी सकाळी इंजिन खोलायला घेतलं. मी माझ्या कामात होते. पत्र्यापलीकडे पाने वाजत होते, शिवी एकही नव्हती. ते मला बरं लक्षण वाटलं होतं, इथेच माझं चुकलं. गोटीरामचा ओठ सुजलेला होता. माळावर त्याच्या हाताशी ब्लॉक नव्हता आणि घरी लेकीसमोर घण नव्हता. रुद्रने घातलेल्या त्या दोन थपडा तो तशाच अंगात घेऊन शेडवर आला होता. त्याने इंजिनाचं डोकं उतरवलं. एका सिलिंडरचा नुसता चुरा झाला होता. त्या चुऱ्यातून त्याने चिमट्याने एक वाटोळी, चेचलेली, काळी पडलेली पोलादी चकती काढली आणि ट्रेमध्ये टाकली. ट्रेचा टण् असा आवाज मी ऐकला.

त्याने ती चकती पाहिली आणि त्याला वायसर दिसला. शेजारी लहानूबाबा बसून बोल्ट पुसत होते, ओठांत नेहमीसारखे वायसर. गोटीरामने विचारलं नाही. एक शब्द विचारला नाही. त्याने बाबांच्या तोंडावर मूठ मारली, तोंडात वायसर असताना.

ओरडण्याऐवजी जो आवाज आला तो ऐकून मी धावले. बाबा गुडघ्यांवर होते आणि त्यांच्या तोंडातून रक्त, दात आणि वायसर एकत्र पडत होते. गोटीरामने त्यांची कॉलर धरून वर ओढलं आणि परत मारलं. बाबांनी हात वर केले, मारायला नाही, नुसते झाकायला. तिसऱ्या ठोशाला ते मागे फेकले गेले आणि त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू बेंचवाइसच्या कोपऱ्यावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज मला आला. मी गोटीरामच्या पाठीवर मुठी मारत होते, त्याला ते कळतही नव्हतं. खाली पडलेल्या त्या म्हाताऱ्याला त्याने बरगडीत लाथ घातली आणि शेंदराचा डबा उचलून फेकला. डबा भिंतीवर फुटला. जमिनीवर कुठला लाल रंग कशाचा हे ओळखू येईना.

तेजस्विनी दारात होती. लॅबमधून अर्धी सुटी घेऊन, नवऱ्याच्या सुजलेल्या ओठाला मलम घेऊन आली होती. तिने पिशवी खाली ठेवली. पहिल्यांदा ती बाबांकडे गेली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, ओढणीची घडी करून डोळ्यावर दाबली. मला रिक्षा बोलवायला सांगितलं. दारात उभं राहून मी माझ्या भाच्याला रिक्षासाठी फोन केला, म्हणून पुढचं सगळं ऐकलं.

गोटीराम धापा टाकत ट्रेकडे बोट दाखवत होता. म्हणत होता की या थेरड्याने आत वायसर सोडला, याच्यापायी मी भर माळावर मार खाल्ला. तेजस्विनी उठली. तिने ती चकती उचलली, ओढणीच्या टोकाला घासली, उजेडात धरली. मग त्याच्यासमोर नेऊन तळहातावर ठेवली.

“हा वायसर नाही,” ती म्हणाली. “रुपया आहे. खंडेनवमीला मी ठेवला होता. खण उचलताना माझ्या हातून आत पडला.”

गोटीरामने रुपयाकडे पाहिलं. अर्धा अंक अजून दिसत होता. त्याचे हात अजून मुठी वळलेले होते, बोटांची सालं निघालेली. ती त्याच्या अगदी जवळ उभी राहिली, हातभर अंतरावर.

“मारा,” ती म्हणाली. “जिच्या हातून झालं ती मी आहे. बाबांना मारलंत तेवढंच मला मारा.”

तो मागे सरकला. मुठी सुटल्या. पुटपुटला की तुझ्यावर मी कधी हात उचललाय का, तुला ठाऊक नव्हतं, तुझ्याकडून चुकून झालं. आणि मग त्याचं ते जुनं वाक्य आलं. “मला राग आवरत नाय, तेजू. माझा हात आपसूक जातो.”

“आत्ता आवरला ना,” तेजस्विनी म्हणाली.

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“काल रुद्रने लाथ घातली तेव्हाही आवरला. तो बागायतदाराचा मुलगा. मला आनंद झाला होता, मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी आवरलात.” तिचा आवाज चढला नव्हता. “कुणाला मारायचं हे तुमच्या हाताला अगदी नीट कळतं. बाबांना मारलं तर कुणी विचारणार नाही, हेसुद्धा कळतं.”

रिक्षा आली. आम्ही दोघींनी बाबांना उचलून आत घातलं. गोटीराम उचलायला पुढे आला, तर तिने त्याला हात लावू दिला नाही. दवाखान्यात बाबांना दाखल करून, त्यांच्या मुलाला पेठहून बोलावून घेऊन, तिने शाळेतून सृष्टीला घेतलं आणि दुपारच्या गाडीने ती मनमाडला गेली. भांडली नाही, रडली नाही. तिने सांगितलं होतं तसंच झालं.

बाबांच्या गालाचं हाड मोडलं, समोरचे दात गेले आणि उजव्या डोळ्याची नजर परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की मी मशीनवर पडलो. पोलिसांनाही तेच. मी भेटायला गेले तेव्हा पट्टीआडून, दात नसलेल्या तोंडाने, ते मलाच समजावायला लागले.

“जाऊ दे पोरी. राग त्याला आवरत नाय. त्याला तो तरी काय करल?”

मला एवढा संताप आला की मी नेलेली केळी तिथेच टेबलावर टाकून निघाले. मार खाऊन वर मारणाऱ्याची बाजू घेणारा माणूस पाहिला की माझं टाळकं सरकतं. पण बाबांचं तरी काय चुकलं? इतकी वर्षं सगळ्यांनी त्यांना हेच सांगितलं होतं, गोटीरामने, वसाहतीने, चहा पिताना हसणाऱ्या प्रत्येकाने.

गोटीराम शेड उघडत होता, काम करत नव्हता. रुद्रने गाडी दुसरीकडे नेली. वसाहतीतले लोक येऊन त्याच्याजवळ बसायचे, खांद्यावर हात ठेवून म्हणायचे की बायकोने जरा जास्तच केलं, तुझा स्वभावच तापट, तू हात टाकला नव्हतास ना कधी तिच्यावर. तो ऐकून घ्यायचा. मागच्या ब्लॉककडे तो एकदाही गेला नाही. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं. शेवटी एका दुपारी तोच माझ्या दुकानात आला, उंबऱ्यातच उभा राहिला. तेजस्विनी त्याचा फोन उचलत नव्हती, माझा उचलायची. म्हणाला, एक निरोप द्याल का?

मी म्हटलं, परत असं होणार नाही, हा निरोप असेल तर नको, तो तिने ऐकलाय.

“तसा नाय,” तो म्हणाला.  मग जमिनीकडे बघत म्हणाला, “तिला सांगा ताई, मला येत व्हतं आवरता. दरवेळी येत व्हतं. टेम्पोवाल्याला मारलं तवा बी.”

मी कात्री खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. टेम्पोवाला कानावर थापट्या मारत होता तो मला दिसला. म्हणजे प्रत्येक वेळी, हात वर जाण्याआधी, या माणसाला थांबता येत होतं आणि तो थांबला नव्हता. आजार नव्हताच. एवढं बोलून तो पलीकडे गेला आणि मी लगेच मनमाडला फोन लावला. त्याचे शब्द होते तसे तिला सांगितले, एकही इकडचा तिकडे न करता.

 तिच्या मागे सृष्टी मोठ्याने धडा वाचत होती, तेवढं ऐकू येत होतं. मग तेजस्विनीने विचारलं, “हे त्यांनी लहानूबाबांना सांगितलं का?”

मी पत्र्याच्या फटीतून पलीकडे पाहिलं. गोटीराम बाबांच्या स्टुलाजवळ उभा होता. बाबा त्याच दिवशी सकाळी दवाखान्यातून पेठला गेले होते, आणि तो एकदाही त्यांना भेटायला गेला नव्हता.

“नाही,” मी म्हणाले.

“मग मला कशाला सांगतायत,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.